गाठींच्या बाजूचा महाराष्ट्र

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्याला लागून एक अरुंद गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी शरणप्पांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्याच्या पाठीमागे, भांड्यांच्या लखलखाटाआड, त्यांच्या बायकोचं, उमादेवींचं शिलाई मशीन. ब्लाउज शिवायला आलेल्या बायका भांड्यांमधून वाट काढत आत जातात. एखादीचा पदर अडकून तांब्या गडगडतो. शरणप्पा तो उचलून जागेवर ठेवतात आणि आत ओरडतात, "आलं बघ गं तुझं गिऱ्हाईक. वाजत गाजत आलं."

उमादेवींना ते कधी ऐकू येतं, कधी येत नाही. शिवता शिवता दुसरीकडे जायची त्यांना सवय आहे. पाय मशीनवर, हात कापडावर आणि त्या स्वतः कुठेतरी लांब. माहेर उदगीरचं. शाळा सातवीपर्यंत. भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे त्यांना फार आवडत. पुस्तक उघडून त्या निळ्या समुद्रावर गाल टेकवत. तो गार लागतो, असं त्या मैत्रिणींना शपथेवर सांगत. समुद्र अजून पाहिलेला नाही. शरणप्पा भांडी आणायला मुंबईला जातात, पण ते परत येऊन फक्त भांड्यांचे भाव सांगतात.

एका दुपारी दीपमाला मॅडम गणवेशाचं कापड घेऊन आल्या. गावाबाहेरच्या रस्त्यावर अंध मुलींचं एक लहानसं वसतिगृह आहे. त्या तिथे शिकवतात. त्यांच्याबरोबर एक मुलगी होती. उंच, काटकुळी. भांड्यांना कुठेही धक्का न लावता ती आत आली.

"पोरी, तुला कसं जमलं गं?" उमादेवींनी विचारलं.

"भांडी आवाज करतात ना, काकू," ती म्हणाली. "कुणी न शिवताही करतात."

तिचं नाव विशाखा. इस्लापूरची. किनवटच्या जंगलपट्टीतलं गाव, जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा. जन्मापासून तिला दिसत नव्हतं.

उमादेवी त्या वेळी बाहीचा खाका उतरवत होत्या. खाली जुनी सतरंजी, वर जाड कागद आणि हातात दातेरी चाक. चाक रेषेवरून फिरवलं की कागदावर बारीक टोचे पडत जातात. गप्पा मारता मारता विशाखाचा हात त्या कागदाखाली गेला आणि थांबला. खालच्या बाजूने प्रत्येक टोच्याचा दाणा उठला होता.

"हे काय हाय, काकू?"

"बाही हाय."

"बाही?" तिने पुन्हा बोट फिरवलं. वर चढलं, खाली उतरलं. "बाही तर गोल असते. हा डोंगर हाय."

उमादेवींनी कागदाकडे पाहिलं. खरंच डोंगर होता. इतकी वर्षं त्या डोंगर कापत होत्या आणि बायकांच्या खांद्यांवर बसवत होत्या.

दीपमाला मॅडम मात्र कागद उलटून दाण्यांवरून बोट फिरवत होत्या. त्यांनी विचारलं, "उमाताई, ह्या चाकानं पान काढता येईल का? झाडाचं पान?"

"का नाही येणार?"

मग विशाखानेच सांगितलं. ब्रेलमध्ये पुस्तकं मिळतात. धडे मोबाइलवर ऐकताही येतात. पण वाचता वाचता एक ओळ येते, 'शेजारील आकृती पाहा.' आणि शेजारी काही नसतं.

"कोरा कागद असतो, काकू. मी लई वेळा चाचपून बघितला. लहानपणी वाटायचं, आकृती म्हणजे कोरा कागदच. मी परीक्षेत लिहून पण आले होते."

ती हसली. मॅडमही हसल्या. उमादेवींना हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी गणवेशांची मापं घेतली आणि नंतर बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या. शरणप्पा चहाला हाका मारून थकले.

असं ते सुरू झालं.

आधी पान झालं, शिरांसकट. मग फूल. मग काळीज, मग पोट. मॅडम चित्र काढून आणत, उमादेवी सतरंजीवर कागद ठेवून चाक फिरवत. जाड रेष हवी तिथे मोठ्या दात्यांचं चाक, बारीक हवी तिथे लहान. जिथे पाणी असेल तिथे त्या सुईने नुसते जवळ जवळ टोचे देत. विशाखा म्हणाली होती, "पाणी असं बारीक असतं. हात घातला की सगळीकडून लागतं." उमादेवींनी ते लक्षात ठेवलं. गंजगोलाईसुद्धा त्यांनी काढली. मधे गोल आणि त्यातून सुटलेले सोळा रस्ते. विशाखाने ती चाचपली आणि म्हणाली, "काकू, हा तर घेराचा परकर हाय. आपण सगळे परकराच्या चुण्यांत राहतो."

शरणप्पा गमतीने म्हणत, "दिवाळीला बायका ब्लाउज मागतील तेव्हा त्यांना काळीज दे शिवून."

पण सकाळी पूजेच्या वेळी ते गप्प असत. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, मान झुकवून बसत. उमादेवीही त्यांच्या शेजारी बसत. हल्ली त्यांना पूजा करताना विशाखाचा हात आठवायचा. ती कागद हातात घ्यायची तेव्हा तिचीही मान अशीच झुकायची. जवळ काहीतरी उजळावं तसा चेहरा व्हायचा. उमादेवींना वाटे, आपण इतकी वर्षं तळहातावर ठेवून डोळ्यांनीच बघत आलो. मग त्या डोळे मिटून घेत.

श्रावणात विशाखा एकटीच आली. तोपर्यंत तिला वाट पाठ झाली होती. भांड्यांच्या पाठीमागे स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काकू, मला महाराष्ट्र पाहिजे."

"सगळा?"

"सगळा. मला दिवाळीला एकटीनं घरी जायचंय."

दर सुट्टीला तिचा भाऊ सत्यम तिला न्यायला यायचा. चांगला होता तो. पण गाडीत तिला खिडकीशी बसवायचा, हातात पाण्याची बाटली द्यायचा आणि कुणी विचारलं की तिच्या वतीने उत्तर द्यायचा. ती किती शिकली, ती काय खाते, तिला झोप आली का. एकदा तिकीट तपासनिसाने तिला नाव विचारलं, तर तेही सत्यमनेच सांगितलं.

"मी पार्सल न्हाई ना, काकू," विशाखा म्हणाली. "पण मला माहीतच न्हाई, मी कुठून कुठं जाते. घरातून उचलतात, वसतिगृहात ठेवतात. मधे काय हाय? मला ते मधलं पाहिजे. ह्या दिवाळीला एकटी गेले तर पुढच्या वेळी कुणी न्यायला येणार न्हाई. न्हाई जमलं, तर कायमचा सत्यम."

मॅडमनी मोठ्या कागदावर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून दिला. शाईने, ठळक. नद्या, रेल्वेचा मार्ग, जिल्हे. उमादेवींनी तो सतरंजीवर पसरला. चाक हातात घेतलं. आणि त्या निघून गेल्या. समुद्राच्या काठाकाठाने त्या अगदी सावकाश चालल्या. कोकण संपेचना. मग घाट चढून वर आल्या, गोदावरीला लागल्या, नांदेडला पोचल्या. चहा निवून गेला. त्यांच्या मनात तो कागद नव्हताच. एवढ्या उंचावरून त्या खाली बघत होत्या की सगळी शेतं टाक्यांसारखी दिसत होती आणि कुठे कुठे पाणी चमकत होतं.

दीपमाला मॅडम येऊन बघून गेल्या. कागद टेबलावर होता, शाईची बाजू वर. त्यांनी वाकून सगळं नीट तपासलं. "अगदी बरोबर," म्हणाल्या आणि सहामाही परीक्षेच्या गडबडीत निघून गेल्या.

मग उमादेवींनी कागद पालटला आणि दाण्यांच्या बाजूने बटणं शिवायला घेतली. पांढऱ्यावर पांढरे दाणे. डोळ्यांना ती बाजू जवळजवळ कोरीच दिसत होती. टोच्यांवरून जागा ओळखून त्या सुई घालत. मुंबईला मोती. लातूरला काजाचं बटण. नांदेडला टिचबटण. भोकरला हूक. किनवटला लाकडी बटण, कारण तिथे सागाचं जंगल आहे, असं विशाखाने सांगितलं होतं. इस्लापूरला काय लावावं ते सुचेना. शेवटी त्यांनी आपल्या जुन्या चोळीचं एक चांदीचं बटण काढलं आणि ते लावलं. प्रत्येक बटणाची गाठ मागच्या बाजूला मारली, शाईकडे.

शिंपी माणसाला एक सवय असते. ब्लाउजचं कापड दुमडायचं आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. डावा आणि उजवा भाग एकमेकांवर ठेवले तर सारखेच. कुठला कुठे, हे नंतर ठरतं. उमादेवींच्या हाताला हीच सवय होती. पान पालटलं तरी ते पानच होतं. फूलही फूलच राहिलं. महाराष्ट्र पालटला, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दसऱ्यापर्यंत विशाखा रोज संध्याकाळी येत राहिली. नकाशा तिच्या मांडीवर असे. उमादेवी एकीकडे हूक लावत आणि एकीकडे सांगत.

"वरची बाजू उत्तर. समुद्र पश्चिमेला. लागला का समुद्र?"

"लागला. उजव्या हाताला."

"हां. मग त्याच्या समोरच्या अंगाला पूर्व."

"म्हणजे डाव्या हाताला पूर्व."

"बरोबर."

शब्द सगळे बरोबर होते. पुस्तकात जे होतं तेच होतं. फक्त सगळा देश आरशात उभा होता आणि त्या खोलीतल्या दोघींपैकी एकीकडे आरसा नव्हता, दुसरीचं लक्ष हुकांत होतं.

एकदा मात्र विशाखाचं बोट पैनगंगेवर थांबलं.

"काकू, ही नदी कुठून कुठं जाते?"

"पश्चिमेकडून पूर्वेकडं. मॅडमनी सांगितलंय."

विशाखाने बोट उजवीकडून डावीकडे नेलं. मग पुन्हा एकदा नेलं. "आमच्याकडं खडकावर उभं राहिलं ना, नदीकडं तोंड करून, तर पाणी डावीकडून येतं आन् उजवीकडं जातं. तिकडं पडल्याचा आवाज येतो. इथं उलटं हाय."

उमादेवींनी दात लावून दोरा तोडला. "नदी वळणाची असते, बाळा. तुमच्या गावाशी उलटी वळली असंल."

विशाखाने बोट पुन्हा नदीवर टेकवलं. "असंल," ती म्हणाली. "लहान होते मी तेव्हा." आणि तिने बोट पुढे नेलं.

त्या रात्री झोपेत आपण नकाशावरून हाताने चालत घरी गेलो, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. वाटेत एक टिचबटण उघडं होतं, ते तिने दाबून बंद केलं, तेव्हा कुठे गोदावरी ओलांडता आली.

निघायच्या आदल्या दिवशी उमादेवींनी नकाशाची गुंडाळी करून त्याला पिशवी शिवली. ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांची. आणि आपल्याकडून एक युक्ती दिली. ती त्यांनी नकाशावर डोळे मिटून, बोट फिरवून शोधली होती आणि त्यांना तिचा फार आनंद झाला होता.

"हे बघ. गाडी सकाळची. गाडी जाईल तिकडं, वाऱ्याकडं तोंड करून बसायचं. तू नांदेडहून वर निघालीस, म्हणजे उत्तरेकडं. पूर्व डाव्या हाताला. मुदखेड गेलं की ऊन डाव्या गालावर येणार. ऊन डाव्या गालावर आलं की समजायचं, गाडी घराकडं चालली. मग कुणाला इचारायची गरज न्हाई."

"कुणालाच?"

"कुणालाच."

विशाखाने आपल्या डाव्या गालाला हात लावून बघितला. जणू ऊन आत्ताच तिथे आलं होतं.

लातूरहून ती नांदेडला एसटीने गेली. रात्र मावशीकडे. सकाळी उमादेवींनी पूजा केली, पण मन लागेना. दिवाळीच्या तोंडावर ब्लाउजांचा ढीग पडला होता. त्या मशीनवर बसल्या. भांड्यांवर ऊन पडलं आणि त्याचे कवडसे छतावर हलू लागले. त्यांना ते आगगाडीच्या खिडक्यांसारखे दिसले. आता गोदावरी मागे पडली असेल. आता मुदखेड.

फोन वाजला.

"काकू." मागे गर्दी नव्हती. एक कावळा ओरडत होता. "काकू, मी उतरले."

"पोचलीस?"

"न्हाई. चुकीच्या गाडीत बसले मी. भोकरला उतरले."

उमादेवींच्या हातातली कात्री टेबलावर पडली. शरणप्पांनी बाहेरून डोकावून बघितलं.

विशाखा हळू बोलत होती. नांदेडला ऐनवेळी गाडीचा फलाट बदलला. लोक धावले, तीही धावली. दोन फलाटांवर दोन गाड्या होत्या. गर्दीने तिला आत घेतलं. तिने शेजारच्या बाईला विचारलं, किनवटला जाते का? बाई म्हणाली, हाव. तरी मनाला खात्री वाटेना. म्हणून तिने उलट दिशेचं गाव विचारलं, परभणीला जाते का? बाई म्हणाली, हाव, जाती की. पुण्याला? पुण्याला बी जात असंल बाई, रेल्वेचं काय सांगावं.

"सगळ्याला हावच म्हणून राहिली ती. मग म्हटलं, माणसाचं जाऊ द्या. ऊन बघू. वाऱ्याकडं तोंड करूनच बसले होते. मुदखेड गेलं. गाडी वळली. आन् ऊन उजव्या गालावर आलं, काकू. चांगलं चटका बसंल असं. मी वाट बघितली, फिरंल म्हणून. फिरलं न्हाई. मग पहिलं स्टेशन आलं तिथं उतरले. गाडी गेली."

"तू तिथंच बस. मी सत्यमला फोन लावते."

"न्हाई!" कावळाही गप्प झाला. मग विशाखा अगदी हळू म्हणाली, "काकू, त्याला नका सांगू. तो येईल. लगेच येईल. मग झालं ना सगळं."

उमादेवींनी मान वर केली. भिंतीवर खिळ्याला नकाशाचा खाका लटकत होता. मॅडमच्या चित्रावरून त्यांनी स्वतःसाठी पातळ कागदावर उतरवून घेतलेला, शाईचा. त्या उठून त्याच्यापाशी गेल्या. नांदेडवर बोट ठेवलं. मुदखेड. वर. भोकर. किनवट.

"विशाखा, भोकर तर वाटेवरच हाय."

"तेच तर, काकू. माझ्याकडं नकाशा उघडाच हाय. हूक लागतोय. म्हणजे गाडी बरोबर होती. मग ऊन चुकलं?"

"ऊन कसं चुकंल, बाळा?"

हे त्या सहज बोलून गेल्या. आणि मग त्यांना आपलं बोट दिसलं. खाक्यावर ते उजवीकडे गेलं होतं. नांदेडहून किनवट उजवीकडे होतं. आणि दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी त्यांनी विशाखाचं बोट बघितलं होतं. ते डावीकडे जायचं.

मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज होता. उमादेवींनी तो उचलला. हुकांची पट्टी उजव्या हाताला होती. त्यांनी ब्लाउज आतून बाहेर केला. पट्टी डाव्या हाताला गेली. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा. शरणप्पा दारात उभे राहून बघत होते.

"काय झालं गं?"

"अहो, मी पोरीला उलट बाजूचा महाराष्ट्र घातला," उमादेवी म्हणाल्या.

फोनवर विशाखा होती. तिने ऐकलं होतं. उमादेवींना बसावंसं वाटलं, पण त्या उभ्याच राहिल्या. ही मुलगी रोज आली होती. आपल्या शब्दावर ती नदी विसरली होती. आता हिने पुन्हा कधी कुठल्या कागदावर हात ठेवला नाही, तर? भोकरच्या बाकावरून सत्यम तिला उचलून नेईल. खिडकीशी बसवेल. हातात बाटली देईल.

"विशाखा, चूक माझी हाय. उन्हाची न्हाई, तुझी न्हाई. मी चाक फिरवलं एका बाजूनं आन् तुला वाचायला दिली दुसरी. डोळ्याला सरळ दिसत होतं. हाताला उलटं लागत होतं."

पलीकडे एक मालगाडी आली. ती बराच वेळ जात राहिली. ती जाईपर्यंत दोघींना बोलता आलं नाही. उमादेवींनी डोळे मिटले. डब्यांमागून डबे त्यांच्या कपाळातून जात होते.

मालगाडी गेल्यावर त्या म्हणाल्या, "कागद पालट."

"काय?"

"पालथा घाल. बटणं खाली जाऊ दे. वरची बाजू वरच राहू दे. आता हात लाव."

बराच वेळ नुसती कागदाची कुरकुर. "काकू, इथं दाणे न्हाईत. खड्डे हायत. बारीक बारीक."

"हाव. खड्ड्यांवरून जा. सावकाश. अन् जिथं बटण होतं तिथं..."

"गाठ हाय," विशाखा म्हणाली. "दोऱ्याची गाठ. ही मोठी."

"मुंबई. मोत्याला चार पदरी दोरा घेतला होता. कुठल्या हाताला हाय?"

"डाव्या." तिचा श्वास ऐकू येत होता. "समुद्र डाव्या हाताला आला, काकू."

"तो तिथंच असतो. आता नांदेड शोध. टिचबटणाला चार बाजूंनी चार गाठी असतात."

"सापडलं. हे भोकर. हे... ही लहान गाठ. रेशमाची लागते."

"चांदीच्या बटणाची हाय ती. तुझं गाव."

उमादेवी भिंतीवरच्या खाक्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. दोन गावांच्या मधे एवढं अंतर होतं, पण त्यांना वाटलं, आपलं बोट तिच्या बोटाच्या शेजारून चाललंय. तिच्या बोटाची ऊब लागतेय.

विशाखा गावाच्या गाठीवरून आणखी वर गेली असावी. कारण कागदाची कुरकुर एकदम थांबली.

"काकू."

"काय गं?"

"नदी डावीकडून उजवीकडं जाऊन राहिली."

उमादेवींनीही खाक्यावरच्या पैनगंगेवर बोट नेलं.

"मला आठवत होतं ते बरोबरच होतं," विशाखा म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. हरवलेली वस्तू आपल्याच खिशात सापडावी तसा आवाज होता तो. "मी खडकावर उभी राहायचे. तिकडंच पडत होतं पाणी. मी म्हटलं, लहान होते मी."

"आता काय करतीस?" उमादेवींनी विचारलं. सत्यमचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"स्टेशनातला माणूस म्हणून राहिला, दुपारी गाडी हाय किनवटची. मी हितंच बसते. नकाशा नीट बघते. सगळा पहिल्यापासून." मग ती अचानक हसायला लागली. हसू आवरेना. "काकू, दुपारची गाडी हाय! ऊन तवर पश्चिमेला गेलेलं असंल."

"मग?"

"मग डाव्या गालावरच येणार ना!"

शरणप्पा दारातून बघत होते. बायको एका हाताने डोळे पुसत होती आणि हसत होती. त्यांना काही समजलं नाही. त्यांनी एक तांब्या उगाचच पुसून जागेवर ठेवला.

त्या दुपारी उमादेवींनी एकही ब्लाउज शिवला नाही. दिवाळीच्या गिऱ्हाइकांना शरणप्पांनी तोंड दिलं. "मालकीणबाई गाडीत हायत, संध्याकाळी उतरतील," ते सांगत होते. उमादेवी स्टुलावर बसून होत्या. डाव्या गालावर दाराचं ऊन आलं तेव्हा त्या जराही सरकल्या नाहीत. येऊ दिलं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे सागाची झाडं मागे मागे जात होती. खिडकीशी एक मुलगी होती आणि तिच्या हातात बाटली नव्हती.

मधेच त्यांना काळजाचा कागद आठवला. मग पोटाचा. मग सगळेच. त्या ताठ बसल्या.

"अहो, वसतिगृहातल्या साऱ्या पोरींची काळजं दुसऱ्या अंगाला गेली असतील."

"जाऊ दे," शरणप्पा म्हणाले. "चालताहेत ना? दिवाळी झाली की एकेक परतव."

ऊन उतरल्यावर फोन आला. या वेळी आधी कुणी बोललंच नाही. नुसता आवाज होता. आधी उमादेवींना वाटलं, पुन्हा मालगाडी. मग तो आवाज संपेचना आणि त्यांच्या लक्षात आलं, हे पाणी आहे. पुष्कळ पाणी. त्यामागे कुठेतरी सत्यम म्हणत होता, "अगं, खडकावर कशाला उभी राहिलीस, घसरशील." आणि विशाखा म्हणत होती, "तू बोल ना तिकडं जाऊन. मी काकूंशी बोलून राहिले."

"काकू, ऐकू येतंय का?"

"येतंय गं."

"कुठून कुठं जातंय सांगा."

फोनमधल्या आवाजाला कुठलीच बाजू नसते. उमादेवींनी डोळे मिटले. नदीकडे तोंड केलं. डावा हात पुढे धरला आणि तो संथपणे, भांड्यांच्या उजेडातून, उजवीकडे नेला.